फिल्म आठ मिनिटांची, सराव चाळीस मिनिटांचा

वाचकाचे पत्र

न्यू जर्सीतील एका मराठी शाळेत मी दर रविवारी शिकवते. गेल्या वसंत ऋतूत आमच्या ओळखीच्या कुटुंबातला एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेजच्या वसतिगृहात मरण पावला. परीक्षेच्या ताणावर म्हणून मित्राकडून घेतलेली गोळी बनावट होती आणि तिच्यात फेंटानिल होते. खोलीत आणखी दोघे होते. तो घोरतो आहे असे समजून ते झोपले. आता शाळेतल्या पालकांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी या विषयावरची एखादी शैक्षणिक फिल्म दाखवावी, असे आम्हा तिघीचौघींना वाटते. समितीतले काही जण म्हणतात की दाखवायचीच तर मुलांना हादरवून सोडणारी दाखवा. बाकीचे म्हणतात, हा विषयच नको, आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध? कोणती फिल्म निवडावी, ती कोणाला दाखवावी, आणि दाखवून खरोखर काही होते का?

— एक शिक्षिका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: तो घोरतो आहे असे समजून ते झोपले. अमली पदार्थ वाईट असतात हे त्या दोन मुलांना ठाऊक नव्हते असे नाही. ते त्यांना शाळेत वर्षानुवर्षे सांगितलेले असते. त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की फेंटानिलसारख्या ओपिऑइड वर्गातल्या, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या, पदार्थाची मात्रा जास्त झाली की मेंदूकडून श्वासाला मिळणारी आज्ञा मंदावते, जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, आणि मग जो खोल, अडखळत येणारा, गुळण्या केल्यासारखा आवाज ऐकू येतो तो गाढ झोपेचा नसून श्वासाची वाट बंद होत चालल्याचा असतो. हा आवाज पत्रक वाटून शिकवता येत नाही. कागदावर ‘घरघर’ असे छापल्याने कोणाच्या कानाला तो ओळखीचा होत नाही. तो ऐकावा लागतो, आणि त्याच वेळी ओठांचा बदललेला रंग डोळ्यांनी पाहावा लागतो. म्हणून फिल्म जरूर दाखवा. मात्र तिच्याकडून हे एवढेच काम घ्या, मुलांना व्यसनापासून परावृत्त करण्याचे ओझे तिच्यावर टाकू नका.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात ओव्हरडोसने, म्हणजे अतिमात्रेने, मृत्यू पावलेल्या दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या वेळी जवळपास कोणी ना कोणी हजर होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी काहीच केले नव्हते. सुमारे पाव मृत्यूंमध्ये बनावट गोळ्यांचा मागमूस सापडला. तुमच्या ओळखीच्या घरात जे घडले ते अपवादाने घडलेले नाही, आणि समितीतल्या ‘आपल्या मुलांचा काय संबंध’ या प्रश्नालाही हेच उत्तर आहे. आपले मूल गोळी घेणारे नसेलही. पण घेणाऱ्याच्या शेजारच्या पलंगावर झोपणारे मूल आपले असू शकते, आणि फिल्म प्रामुख्याने त्या शेजारच्या पलंगासाठी आहे. समितीपुढे विषय अशा रीतीने मांडलात, तर कोणत्याही आईवडिलांना आपल्या मुलावर संशय घेतला जातो आहे असे वाटणार नाही, असा माझा अनुभव आहे.

आता हादरवून सोडणाऱ्या फिल्मांविषयी. मी स्वतः हा उद्योग एकदा केलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या सभागृहात दिवे मालवून मी एक अत्यंत परिणामकारक फिल्म दाखवली: शवागाराचा दरवाजा, आईचा आक्रोश, संथ व्हायोलिन. सभागृहात हुंदके ऐकू आले, कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलावर ‘फारच छान झाला’ असे सगळ्यांनी सांगितले, आणि मग मी सहज नॅलॉक्झोनचा, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाचा, डबा एका गृहस्थांच्या हातात देऊन ‘उघडून दाखवा’ म्हटले, तर त्यांना तो कुठून उघडायचा हेही कळेना. पन्नास मिनिटे खर्चून मी त्या खोलीत दुःख वाटले होते, कौशल्य नव्हे. दोष फिल्मचा नव्हता, माझ्या निवडीचा होता.

पडद्यावरून परावृत्त करण्याचा हा मार्ग मोठ्या प्रमाणावरही आजमावून झालेला आहे. अमेरिकी सरकारने १९९८ पासून पुढची काही वर्षे, जवळपास एक अब्ज डॉलर खर्चून, तरुणांसाठी अमली पदार्थविरोधी जाहिरातींची देशव्यापी मोहीम चालवली. तिचे मूल्यमापन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मुलांच्या गांजासेवनावर तिचा कोणताही अनुकूल परिणाम आढळला नाही. काही निष्कर्षांचा कल तर उलट दिशेला होता, कारण इतक्या जाहिराती पाहून मुलांची समजूत ‘म्हणजे सगळेच घेत असणार’ अशी झाली असावी. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने प्रतिबंधाची जी आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आहेत, त्यांतही केवळ भीती जागवणारे कार्यक्रम आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींची आत्मकथने यांची गणना परिणामशून्य उपायांतच केलेली आहे. ओव्हरडोसच्या बाबतीत भीतीचा आणखी एक तोटा आहे. घाबरलेला मुलगा फोन करत नाही, तो लपवतो. दार आतून लावतो, मित्राच्या तोंडावर पाणी मारतो आणि सकाळ होण्याची वाट पाहतो.

चुकीची भीती घालणाऱ्या फिल्मचे एक उदाहरण तुम्हाला ठाऊक असायला हवे, कारण त्या धर्तीच्या चित्रफिती अजूनही व्हॉट्सॲपवर फिरताना दिसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात एक अधिकारी पांढरी पूड हाताळताना अचानक मागे कोसळतो आणि फेंटानिलच्या नुसत्या संपर्काने हे घडले असे निवेदन येते. विषशास्त्राच्या तज्ज्ञांनी त्यावर तातडीने आक्षेप घेतले, कारण अशा ओझरत्या स्पर्शाने फेंटानिल त्वचेतून विषबाधा होण्याइतके शोषले जात नाही, आणि विषशास्त्रज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांनी २०१७ मध्येच संयुक्त निवेदन काढून तसे स्पष्ट केलेले होते. परंतु खंडनापेक्षा चित्र लांब जाते. अशी फीत पाहिलेला माणूस निळ्या पडलेल्या मुलाला हात लावायला कचरेल, तोंडाने श्वास देणे तर दूरच, आणि त्यात गेलेली मिनिटे परत येत नाहीत. तेव्हा फिल्म निवडताना पहिली चाळणी ही लावा: तिच्यात कोणी हात लावून बेशुद्ध पडत असेल, तर ती बाद.

दुसरी चाळणी तारखेची. औषधाच्या उपलब्धतेत इतके बदल झाले आहेत की पाचसहा वर्षांपूर्वीची उत्तम फिल्मसुद्धा आज चुकीची माहिती देऊ शकते. नॅलॉक्झोन हे औषध जुने आहे. त्याला अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली. नाकात मारायच्या तयार फवाऱ्याला २०१५ मध्ये परवानगी मिळाली आणि २९ मार्च २०२३ रोजी चार मिलिग्रॅमचा तो फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मुभा मिळाली. त्यामुळे ‘आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या’ असे सांगणारी किंवा काचेच्या कुपीतून सुईने औषध ओढून दाखवणारी फिल्म तुमच्या पालकांना अकारण थोपवून धरेल. तुमच्या राज्यात तर जानेवारी २०२३ पासून चौदा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, योजनेत सहभागी असलेल्या औषधांच्या दुकानांतून नॅलॉक्झोन विनामूल्य मिळते. चिठ्ठी लागत नाही, विमा लागत नाही आणि नावही सांगावे लागत नाही. दुकानात तोच डबा विकत घ्यायला गेले तर चाळीस-पंचेचाळीस डॉलर पडतात, हे मुद्दाम सांगा, कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कळल्याखेरीज आपल्या लोकांचे पाय तिकडे वळत नाहीत.

फेंटानिलविषयी फिल्ममध्ये काय असावे? ते हेरॉइनच्या सुमारे पन्नासपट तीव्र असते आणि दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी मात्रा, जीवघेणी ठरू शकते, इतके पुरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बनावट गोळी खऱ्या गोळीसारखीच दिसते, तोच रंग आणि तोच ठसा. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी संस्थेने, म्हणजे डीईएने, पकडलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांची तपासणी केली, तेव्हा २०२३ मध्ये दहापैकी सात गोळ्यांत संभाव्य प्राणघातक मात्रा सापडली आणि २०२४ मध्ये दहापैकी पाच. सुधारणा झाली म्हणायची, तरी नाणेफेकच. एकाच पाकिटातल्या दोन गोळ्यांतही प्रमाण सारखे नसते, आणि ‘मी याआधी घेतली होती, काही झाले नाही’ या तर्काला मुलांपुढे उत्तर द्यायचे तर हाच मुद्दा उपयोगी पडतो.

आता मुख्य भाग, म्हणजे फिल्म दाखवायची कशी. ती आठदहा मिनिटांहून लांब नसावी आणि सलग दाखवू नये. हृदयक्रिया बंद पडल्यावर करायच्या छातीदाबाचे प्रशिक्षण देताना एक पद्धत फार पूर्वी सिद्ध झाली आहे: पडद्यावर कृती चालू असतानाच शिकणाऱ्याने समोरच्या बाहुलीवर तीच कृती करायची. अशा रीतीने जेमतेम बावीस मिनिटांत घरच्या घरी शिकलेली माणसे काही तासांचा वर्ग केलेल्यांच्या तोडीची ठरली होती. तुम्हीही तेच करा. फिल्म चार ठिकाणी थांबवा आणि प्रत्येक ठिकाणी खुर्चीतून उठवा.

पहिला थांबा ओळखण्याचा. मोठ्याने हाक मारणे, खांदे हलवणे, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोराने घासणे. एवढ्याने जो जागा होतो त्याला झोप म्हणायचे, जो होत नाही त्याला नाही. ओठ आणि नखे सावळ्या त्वचेवर निळी दिसतीलच असे नाही, ती राखाडी किंवा पांढुरकी दिसतात. बहुतेक फिल्मांत गोऱ्या माणसाचे निळे ओठ दाखवतात, म्हणून ही दुरुस्ती तुम्ही स्वतः तोंडाने करायला हवी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. याच थांब्यावर आपल्याकडच्या उपायांचाही निकाल लावून टाका: नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणे, मीठपाणी पाजून उलटी काढणे, थंड पाण्याखाली उभे करणे, कडक कॉफी देणे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेला द्रव श्वासनलिकेत उतरतो, आणि बाकीच्या उपायांत फक्त वेळ जातो. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ हे मात्र सर्वांत घातक वाक्य, आणि ते प्रेमापोटी बोलले जाते.

दुसरा थांबा फोनचा. दोघादोघांच्या जोड्या करून एकाने ९११ची, म्हणजे अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या फोनवरच्या माणसाची, भूमिका घ्यावी आणि दुसऱ्याने खरोखर मोठ्याने बोलावे. सुरुवातीला पत्ता आणि ‘माणूस श्वास घेत नाही’ एवढे दोनच मुद्दे पुरतात. येथे मुले हसतील, हसू द्या. ज्यांना इंग्रजीत बोलण्याचा संकोच आहे अशा ज्येष्ठांकडून हा सराव दोनदा करून घ्या, याचे कारण पुढे येईल.

तिसरा थांबा फवाऱ्याचा, आणि येथे सर्वाधिक वेळ द्या. रुग्णाला पाठीवर निजवून मान मागे झुकवायची, आपली बोटे नाकाला टेकेपर्यंत नळी एका नाकपुडीत सरकवायची आणि खालचा दट्ट्या पूर्ण दाबायचा. प्रत्येक फवाऱ्यात एकच मात्रा असते. आपल्याला अत्तराची बाटली किंवा सर्दीचा फवारा आधी हवेत मारून पाहण्याची सवय असते, तसे येथे केले की औषध हवेत गेले. दोन ते तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही, तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. मधल्या काळात, कसे ते येत असल्यास, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांना एक श्वास द्यायचा. येत नसल्यास फोनवरचा माणूस सांगत जातो तसे करायचे. तो छाती दाबायला सांगेल तर छाती दाबायची. तुमच्या शेजारच्या फिलाडेल्फियात फेंटानिलमध्ये झायलाझिन नावाचे जनावरांसाठीचे गुंगीचे औषध मिसळलेले आढळलेले आहे. त्यावर नॅलॉक्झोन चालत नाही, त्यामुळे श्वास सुरू झाला तरी माणूस जागा होत नाही. ज्या फिल्ममध्ये फवारा मारताच मुलगा ताडकन उठून बसतो, ती फिल्म पाहिलेली व्यक्ती अशा वेळी गोंधळून फवाऱ्यामागून फवारे मारत बसेल. माणूस जागा व्हायलाच हवा असे नाही, श्वास चालू व्हायला हवा, हे तुम्ही या थांब्यावर ठासून सांगा. समोरच्याने नेमके काय घेतले आहे हे माहीत नसले तरी फवारा मारायचा. ओपिऑइड नसेल तर त्याने अपाय होत नाही.

चौथा थांबा कुशीचा आणि थांबण्याचा. श्वास सुरू झाल्यावर डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही कुशीवर वळवायचे, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवायचा, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात जाणार नाही. नॅलॉक्झोनचा प्रभाव साधारण तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि पोटातला पदार्थ त्याहून अधिक काळ टिकू शकतो, म्हणून ‘आता बरा आहे, रुग्णवाहिका परत पाठवा’ असे करायचे नाही. शुद्धीवर आलेला मुलगा चिडलेला, घामाघूम, मळमळणारा असेल आणि निघून जायला धडपडेल. त्याच्याजवळ बसून राहणे एवढेच तेव्हा करायचे असते, आणि ते फिल्ममध्ये क्वचितच दाखवतात, कारण बसून राहणे पडद्यावर कंटाळवाणे दिसते.

कायद्याचा प्रश्न सभागृहात हमखास निघेल, आणि आपल्या लोकांत तो व्हिसाच्या रूपाने निघेल. न्यू जर्सीत २०१३ पासून असा कायदा आहे की ओव्हरडोसच्या प्रसंगी सद्भावनेने मदत मागणारा आणि ज्याच्यासाठी मदत मागितली तो, या दोघांनाही अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल किंवा सेवन केल्याबद्दल अटक आणि खटल्यापासून संरक्षण मिळते. विक्री करणाऱ्याला ते मिळत नाही. परंतु हे संरक्षण राज्याचे आहे आणि स्थलांतराचा कायदा केंद्राचा. म्हणून ‘व्हिसाला काहीही होणार नाही’ असे आश्वासन मंचावरून कोणीही देऊ नये. शक्य असल्यास स्थलांतराच्या कायद्याच्या जाणकार वकिलाला त्या दिवशी दहा मिनिटांसाठी बोलवा. अपूर्ण उत्तर ऐकूनही पालक फोन करायला तयार होतात, खोटे उत्तर पकडले गेले तर मात्र बाकीच्या सगळ्यावरचा विश्वास जातो. शिवाय मुलांना एक गोष्ट पालकांच्या तोंडून ऐकू द्या, आणि हे फिल्मला कधीच जमणार नाही: ‘आधी ९११ला फोन कर, मग मला कर, आणि त्या रात्री मी तुला रागावणार नाही.’ पालकांनी हे वाक्य आपापल्या मुलाकडे पाहून म्हणायचे आहे, ते मराठीत म्हणावे की इंग्रजीत, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

कोणाला दाखवावी, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर कदाचित अनपेक्षित वाटेल. नववीपासूनची मुले आणि पालक यांना एकत्र बसवाच, पण सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीआजोबांनाही विसरू नका. दिवसभर घरात तेच असतात. नातू कॉलेजातून सुट्टीला आला आणि दुपारी बारापर्यंत उठला नाही, तर दार वाजवणार तेच. त्यांच्यासाठी फिल्मला मराठी निवेदन हवे. बाजारात तयार मिळेल या आशेवर थांबू नका. आवाज बंद करून तुमच्यापैकीच कोणी प्रत्यक्ष बोला, तेच अधिक चांगले. आणि त्यांच्याशी बोलताना भारतातून आणलेल्या औषधांच्या पिशवीचा विषय काढा. गुडघेदुखीसाठी दिलेल्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल असते, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, आणि ही दोन्ही ओपिऑइड आहेत. भारतातही ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आलेले आहे. ती पिशवी उघड्या फडताळात राहू नये, उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानातील परतीच्या पेटीत टाकाव्यात, आणि झोपेच्या गोळीसोबत त्या घेऊ नयेत, हे ऐकताना आजोबांच्या चेहऱ्यावर ‘हे माझ्याविषयी होते तर’ असा भाव येतो आणि मग ते पुढचे सगळे लक्ष देऊन ऐकतात.

ज्या कुटुंबाचा मुलगा गेला त्यांच्याशी कार्यक्रमाच्या घोषणेआधी बोला. परवानगी मागायला म्हणून नव्हे, तर त्यांना हे फलकावरून कळू नये म्हणून. त्यांना मंचावर बोलावू नका, त्यांच्या मुलाचा फोटो लावू नका, आणि ते आलेच तर दाराजवळची जागा राखून ठेवा. ‘त्याच्या मित्रांनी तेव्हा हे केले असते तर’ हे वाक्य त्या दिवशी कोणाच्याही तोंडून येता कामा नये. ते दोन मित्रही कदाचित त्याच सभागृहात बसलेले असतील.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात हे घुसवावे का, असा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो सोडून द्या. आरती आणि नाटुकले यांच्या मध्ये चाळीस मिनिटांचा सराव होत नाही. ३१ ऑगस्ट हा दिवस २००१ पासून ओव्हरडोसविषयी जागृतीसाठी पाळला जातो, पण मुले वसतिगृहात जाण्यापूर्वीचा, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा रविवार मला अधिक योग्य वाटतो. त्याआधी दोनतीन आठवडे औषध नसलेले सरावाचे फवारे मिळवण्यासाठी तुमच्या काउंटीच्या आरोग्य विभागाला लिहा. खरे डबे सरावासाठी फोडू नका. ते मुलांच्या सामानात जायचे आहेत, आणि गाडीच्या डिकीत उन्हात नव्हे, तर खोलीत टेबलाच्या वरच्या खणात, खोलीतल्या इतरांनाही दिसतील असे.